तारकर्लीचं मीठ आणि नाशिकचा माळा: जाम झालेल्या चेन सोडवल्या त्याची पूर्ण हकीकत

गेल्या जूनमधली गोष्ट. भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं म्हणून ८ तारखेला माळ्यावरून टेंट खाली काढला तर दाराची चेन जागची हलेना. दोन दारं, चार रनर (चेन उघडझाप करताना सरकतो तो तुकडा), चारही जाम. मग कॅनव्हासची बॅग बघितली, तिची पितळी चेन हिरवीगार. ट्रायपॉडचा एक पाय उघडेना. निघायचं होतं १४ ला, म्हणजे हातात सहा दिवस.

सामान सगळं माझं, पण १ मेच्या सुट्टीला भाचा मित्रांबरोबर तारकर्लीला घेऊन गेलेला. दोन रात्री किनाऱ्यालगत टेंट ठोकला, एका रात्री भरतीचं पाणी थेट दारापर्यंत आलं, आणि ट्रायपॉड तर सूर्यास्ताच्या फोटोसाठी मुद्दाम लाटेत उभा केला होता. फोनवर विचारलं तर म्हणे, "मावशी, मी सगळं वाळवून ठेवलंय, अगदी खडखडीत." आणि ते खरं होतं बरं का, कारण मी स्वतः बघितलेलं, गच्चीवर माझ्या कुरडयांच्या शेजारीच त्याचा टेंट पसरलेला आणि मे महिन्यातल्या नाशिकच्या उन्हात दोन्ही दुपारपर्यंत कडक झालेलं. घोळ तिथंच झाला. वाळवलं, पण धुतलं नाही.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. टेंटच्या कापडानं, शिवणीनं आणि चेनच्या पट्टीनं मिळून अर्धा लिटर पाणी शोषलं असं धरलं तरी सतरा-अठरा ग्रॅम, म्हणजे तीन चमचे मीठ आपण घडी घालून माळ्यावर ठेवलं. उन्हात पाणी उडतं, मीठ कुठं जाणार? मे महिनाभर ते गप्प बसलं कारण हवा कोरडी. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस झाला, हवेत ओल आली आणि माळ्यावर काय झालं ते कोणत्याही स्वयंपाकघरात बघा, पावसाळ्यात खडे मिठाच्या बरणीत पाणी सुटतं तसंच. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतून पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड पण असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच ओढतं, म्हणजे आपल्याला कोरडी वाटणाऱ्या हवेतही ते किंचित ओलंच. म्हणून मला टेंटची घडी हाताला गारढोण आणि चिकट लागली, पाऊस घरात आलेला नसताना.

मी इंदिरानगरला घरी शिवणकाम करते, ब्लाउज-फॉल-पिको मुख्य, पण बॅगांच्या चेनी बदलायचं काम शाळा सुरू व्हायच्या आधी भरपूर येतं, त्यामुळे चेन हा प्रकार माझ्या हातातला. तरी खाऱ्या पाण्याची केस ही पहिलीच. नाशिकमध्ये चेन बिघडते ती धुळीनं, ओढाताणीनं, नाहीतर पोरांनी दप्तरात दगड भरल्यानं. समुद्र आपल्याकडे येत नाही, आपण जाऊन घेऊन येतो.

भाचा संध्याकाळी आला तोच स्प्रेचा डबा घेऊन, डब्ल्यूडी-४०. मी कुकर लावायला आत गेले तेवढ्यात त्यानं चारही रनरवर फवारून टाकलं. दोन रनर अर्धा इंच सरकले, पोरगं खुश, आणि तिथंच परत असे घट्ट बसले की आधी बरे होते म्हणायची वेळ. झालं असं की चेनच्या दात्यांत वाळू होती, मीठ होतं, त्यावर तेलकट थर बसला आणि सगळ्याचा मिळून खलबत्त्यातल्या चटणीसारखा लगदा झाला. शिवाय तेलाखाली गेलेलं मीठ पाण्यानं सुटत नाही, आधी तेल काढा मग मीठ काढा, एकाची दोन कामं. तो स्प्रे वाईट नाही, १९५३ साली अमेरिकेत रॉकेटच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून बनवलेला, आणि नावातले डब्ल्यू-डी म्हणजे पाणी हटवणं, ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं. पण पाणी हटवणं वेगळं आणि मीठ धुणं वेगळं. पाण्याच्या आधी तेल लावलं म्हणून फसलं, एवढाच त्या संध्याकाळचा हिशोब. दुसरा दिवस आख्खा हे निस्तरण्यात गेला.

तर टेंट. चेन नायलॉनची, म्हणजे दाते असे नसतातच, नायलॉनच्या तारेचं वेटोळं असतं. नायलॉनला मीठ काही करत नाही. सडतो तो रनर, कारण तो बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो, वर रंग. रंग जिथं उडालेला तिथं पांढरी भुकटी फुगून आलेली आणि ती रनरच्या आतल्या खाचेत भरलेली. लोक चेन जाम झाली की दात्यांना दोष देतात आणि आख्खी चेन बदलतात. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ बॅगांना फक्त रनर पुरतो, आणि हे मी गिऱ्हाइकाला सांगते म्हणून माझा धंदा कमी होतो ते सोडा.

पहिलं काम कोरडं. जुना टूथब्रश घेऊन चेनच्या दोन्ही बाजूंनी वाळू झटकली, ओलं करायच्या आधीच, कारण ओली वाळू आत आत जाते. मग बादलीत कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड, कशासाठी तर भाच्याचं तेल काढायला. अर्धा तास. ते पाणी फेकलं आणि मग साधं पाणी, अर्धा-अर्धा तास, तीन वेळा. पाणी उकळतं घ्यायची गरज नाही, साधं मीठ गार पाण्यात आणि गरम पाण्यात जवळजवळ सारखंच विरघळतं, साखरेसारखं नसतं त्याचं. कोमट घ्यायचं ते साबणासाठी आणि आपल्या हातांसाठी. आणि पाणी नळाचं घ्या, बोअरचं नको, आमच्या बिल्डिंगच्या बोअरच्या पाण्यानं गीझरची कॉइल पांढरी होते, तोच क्षार परत चेनमध्ये कशाला घालायचा.

मीठ निघालं की नाही हे कळायला माझी एक युक्ती आहे. काळ्या मोबाईल कव्हरवर दोन थेंब ठेवायचे, एक सरळ नळाचा आणि एक बादलीतला. पंख्याखाली वाळू द्यायचे. नळाच्या थेंबाचा पण हलकासा डाग पडतोच, पण बादलीतल्या थेंबाचं पांढरं कडं त्याच्यापेक्षा ठळक असेल तर अजून मीठ आहे, परत भिजवा. आमचे दोन डाग तिसऱ्या पाण्याला सारखे दिसले.

एवढं झाल्यावर दोन रनर नुसते अंगठ्यानं ढकलून सरकले. इथं एक गोष्ट महत्त्वाची, लटकणारी पट्टी धरून ओढायचं नाही, ती तुटते आणि जोर वाकडा लागतो. एकानं चेनच्या दोन्ही पट्ट्या ताणून सपाट धरायच्या, दुसऱ्यानं रनरचं अंग चिमटीत धरून ज्या बाजूनं तो आला त्याच बाजूला परत न्यायचा, केसभर मागे, केसभर पुढे, परत मागे. पुढेच रेटत राहिलं की भुकटीचा गठ्ठा रनरच्या तोंडाशी गोळा होतो.

उरलेल्या दोघांना व्हिनेगर. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, कान साफ करायच्या काडीनं रनरच्या फटीत सोडलं. बारीक बुडबुडे यायला लागतात, ते त्या पांढऱ्या भुकटीतून येतात. बुडबुडे मंदावले की थांबायचं, दहा मिनिटं बस झाली, कारण भुकटी संपली की ॲसिड जस्तालाच खायला घेतं. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा असं सांगणारे लोक आहेत, त्यांनी लोखंडाच्या खिळ्यावर करून बघितलं असेल, जस्ताच्या रनरवर नसेल. मग लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा, त्यात बुडवलं, परत साधं पाणी. तिसरा रनर सुटला. चौथा पण सुटला पण ढिला पडला, मागून चेन उघडी राहायला लागली, म्हणून पक्कडीनं त्याच्या दोन्ही कडा हलक्या दाबल्या तर कट्ट करून मागची पट्टीच तडकली. आतून पोखरलेलाच होता बिचारा.

तो बदलला. रनरच्या पाठीवर नंबर असतो, ३, ५, ८, १०, साधारणपणे बंद चेनच्या दात्यांची रुंदी मिलिमीटरमध्ये किती त्याचा अंदाज. आमचा ५ नंबर नायलॉनचा. पितळी चेनचा ५ नंबर आणि नायलॉनचा ५ नंबर एकमेकांना चालत नाहीत, हे शिकायला मी फार वर्षांपूर्वी अर्धा डझन रनर वाया घालवलेत. जुना रनर कटरनं कापताना बाजूच्या कडेवर कापायचा, मधल्या भागात नाही, नाहीतर चेनची कापडी पट्टी कापली जाते. टेंटच्या कोपऱ्यातले शिवणीचे सात-आठ टाके उसवले, नवा रनर दोन्ही टोकं सारखी धरून आत घातला, परत टाके. हे वीस मिनिटांचं काम. डब्यात दोन होतेच म्हणून रविवार कारंजापर्यंत जावं लागलं नाही, नाहीतर त्या गर्दीत गाडी लावायलाच वीस मिनिटं.

आता वंगण. भाचा म्हणाला पेन्सिल घास, सगळीकडे तेच सांगतात. कोरड्या गावात चालेल, पण समुद्रावर जाणाऱ्या धातूच्या चेनला पेन्सिल नको. लहानपणी टॉर्चचा जुना सेल फोडून बघितलाय ना? मधे कार्बनची काडी, बाहेर जस्ताची डबी, आणि संपलेल्या सेलची डबी खाल्ली गेलेली असते. पेन्सिलचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, तोही कार्बनच. जस्ताच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या रनरवर पेन्सिल घासली आणि वर खारं पाणी पडलं की आपण चेनवर बारीकसा सेलच बनवला, आणि त्यात मरतो तो रनर. हे सांगितल्यावर पोरगं पहिल्यांदा गप्प बसलं. खोबरेल पण नको, धूळ धरतं, आणि नाशिकच्या थंडीत २४ अंशाच्या खाली ते गोठतं मग सकाळी टेंटच उघडत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे हरिहर गडाच्या पायथ्याचा. मी साधी पांढरी मेणबत्ती घासते, बंद चेनवर दोन्ही बाजूंनी, मग पाच-सहा वेळा उघडझाप आणि उरलेलं मेण कापडानं पुसून. मेणाला वाळू चिकटत नाही फारशी आणि कापडावर डाग पडत नाही.

बॅगेची गोष्ट वेगळी होती आणि मला जास्त आवडली, जरी शेवट चांगला झाला नाही. पितळेचे दाते, त्यावर हिरवा थर. ताक पितळेत कळकतं म्हणतो आपण, तसंच हे, फक्त इथं ताकाऐवजी मीठ. घरात पितळ घासायची सवय कोणती, तर लिंबू आणि मीठ. सासूबाईंनी लगेच अर्धं लिंबू आणि मिठाची वाटी आणून दिली आणि मी म्हंटलं आई, मिठानंच तर हे झालंय. चिंच पण चालली असती, पण चिंचेच्या कोळाचा डाग कॅनव्हासवरनं जात नाही. मग लिंबूसत्त्व, एक ग्लास कोमट पाण्यात एक चमचा, ब्रशनं फक्त दात्यांवर, पाच मिनिटं, पुसलं, परत. तीन वेळा केल्यावर हिरवं गेलं, सोड्याचं पाणी, साधं पाणी, चेन धावायला लागली.

पण ॲसिड लावायच्या आधीच मला एका टोकाचे सहा दाते गुलाबी दिसलेले. तेव्हाच समजायला हवं होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात राहिलं की काही वेळा त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याची जाळी राहते, दाता आकारानं तसाच, पण आतून स्पंज. रंग तांबूस-गुलाबी होतो ती खूण. (ॲसिडनं घासल्यावरही पितळ थोडं गुलाबी दिसतं, म्हणून हे आधी बघायचं, नंतर नाही.) बॅग भरून चेन ओढली आणि त्या सहातला एक दाता मोडून हातात आला. मोडलेल्या दात्याला उपाय नाही. मी त्या सहाच्या अलीकडे जाड दोऱ्यानं आठ-दहा आडवे टाके घालून चेन तिथंच अडवली, म्हणजे बॅगेचं तोंड दीड इंचानं कमी झालं. चालते. पण वजन घालून प्रवासाला नेणार नाही.

ट्रायपॉड माझ्या आवाक्याबाहेरचा, म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकांकडे नेला. काका सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण बाल्कनीत वाइस अजून बसवलेला आहे. त्यांनी चष्मा वर करून एकदा बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, ॲल्युमिनियमच्या कॉलरमध्ये स्टेनलेसचा बोल्ट, वर समुद्राचं पाणी. हे भांडणच आहे, आणि हरतं ते ॲल्युमिनियम." दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून असले की त्यातला एक खाल्ला जातो, परत तोच टॉर्चच्या सेलचा हिशोब. ॲल्युमिनियमचा जो पांढरा क्षार होतो तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, आट्यांमध्ये जागा नसते, म्हणून तो बोल्टला आवळून धरतो. बोल्ट चकचकीत दिसतो आणि हलत मात्र नाही.

तीन बोल्ट होते. आधी पाय तासभर साध्या पाण्यात, मग पुसून, मग काकांची पद्धत. हेअर ड्रायरनं कॉलर, म्हणजे बोल्ट बसतो तो भाग, गरम करायची, हाताला लावून घेता येणार नाही इतकी, आणि गार होताना आट्यांच्या तोंडाशी तेलाचे दोन थेंब. ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं. काकांनी पेन्सिलनं कागदावर हिशोब करून दाखवला, ६ मिलिमीटरचा बोल्ट, ७० अंशांचा फरक, तर भोक बोल्टपेक्षा जेमतेम अडीच मायक्रॉन जास्त मोठं होतं, म्हणजे केसाच्या जाडीचा पंचविसावा-तिसावा भाग. मला हसू आलं, एवढ्यानं काय होणार. "एवढ्यातून तेल जातं वहिनी, माणसाला जायचं नाहीये." एकदा गरम, एकदा गार, दिवसातून चार वेळा, असे दोन दिवस. आणि बोल्ट फिरवताना पहिले घट्ट करायच्या बाजूला अगदी थोडं, मग सैल. घट्टकडे हलला की आतली पपडी तुटते.

दोन बोल्ट १२ तारखेला रात्री सुटले, कर्रर्र असा आवाज करत, आणि आट्यांतून खडूच्या पुडीसारखं पांढरं सांडलं. तिसऱ्याला भाच्यानं काका जेवायला गेलेले असताना हात लावला. एलन कीला, म्हणजे बोल्ट फिरवायच्या षटकोनी चावीला, पाइप अडकवून जोर दिला, बोल्टची मुंडी तुटली. काका परत येऊन काहीच बोलले नाहीत, नुसतं पाइपकडे बघितलं, ते जास्त लागलं पोराला. तुटलेला बोल्ट अंबडला काकांच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ड्रिल करून काढला, आटे परत पाडले, अडीचशे रुपये. बाकी सगळ्याचा खर्च, व्हिनेगर, लिंबूसत्त्व, मेणबत्ती, रनर मिळून शंभरच्या आतबाहेर. नवीन बोल्ट बसवताना काकांनी आट्यांना साधं ग्रीस भरपूर लावलं, पाणी आत शिरू नये एवढंच त्याचं काम, आणि वर्षातून एकदा तिन्ही बोल्ट उघडून परत बसवायचे असं बजावलं.

१४ ला भंडारदऱ्याला गेलो. रात्री काजवे बघून आलो तर धो-धो पाऊस, अंधारात दाराची चेन एका बोटानं सर्रकन बंद झाली, भाच्यानं दोनदा उघडून परत बंद केली, उगाचच. ट्रायपॉडचा तिसरा पाय अजून थोडा वाकडा उभा राहतो, आटे पाडताना किंचित तिरके गेले असावेत, त्याच्याखाली चपटा दगड ठेवला. कॅनव्हासची बॅग घरीच ठेवलेली, तिच्यात आता गोधड्या आहेत.

दिवाळीत पोरगं परत तारकर्लीला निघालं. टेंट दिला, ट्रायपॉड नाही दिला. टेंटबरोबर एक घडीची बादली आणि जुना टूथब्रश घातला, निघतानाच गोड्या पाण्यात बुचकळून काढ म्हणून. परत आला तेव्हा टूथब्रश कोरा होता, पण टेंट ओला होता, पिशवीतून पाणी ठिबकत होतं. मी काळं कव्हर काढलं आणि दोन थेंब ठेवले.